सारखी झीज

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सहा हार्ड डिस्क ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते सहा आकडे घातले होते, टायरवर घालतात तसे. आकडे घालणारा माणूस बस डेपोच्या टायर सेक्शनचा मुकादम होता. चौतीस वर्षं नोकरी करून चार महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला होता, तरी डेपोत आणि शेजारीपाजारी त्याला अजून मुकादमच म्हणत.

त्याला बसवत नव्हतं. टेबलाभोवती एक फेरी मारायची, तीन नंबरची डिस्क उचलून कानाला लावायची, परत ठेवायची, की पुन्हा फेरी.

"बंद आहे ती," त्याची बायको म्हणाली. "बंद डिस्कमध्ये काय ऐकताय?"

"हलवल्यावर आत काही वाजतंय का बघतोय."

"हलवू नका हो."

त्याने डिस्क ठेवली आणि दुसऱ्या बाजूने फेरी सुरू केली.

बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. नऊ वर्षांपूर्वी तिला एका जुन्या निवासी शाळेचा पत्ता लागला. ती शाळा बंद पडून पन्नास वर्षं झाली होती. तिथे वर्गात हात हलवायला बंदी होती, म्हणून मुलांनी झोपायच्या खोल्यांत आणि धंदेशिक्षणाच्या शेडमध्ये आपापसात खुणांची एक भाषा तयार केली होती. इतर कुठेही न चालणारी. ती येणारी पाच माणसं बायकोने शोधून काढली. घड्याळजी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी, धोबीण, पुस्तकबांधणीवाला आणि शिंपीणबाई. प्रत्येकाला समोर बसवून तिने एकेका खुणेचं चित्रीकरण केलं, समोरून आणि बाजूने. अशी भाषा कागदावर उतरत नाही. बोट किती वाकलं, हात छातीपासून किती लांब होता, भुवया वर गेल्या की खाली आल्या, हे डोळ्यांनी दिसावं लागतं.

पाचांपैकी घड्याळजी, जुळारी आणि धोबीण आता हयात नव्हते. झटका आल्यापासून पुस्तकबांधणीवाल्याचा उजवा हात लुळा पडला होता. राहिल्या एक्याऐंशी वर्षांच्या शिंपीणबाई. त्या सोमवारी घरी येणार होत्या. बाकीच्यांची चित्रीकरणं पाहून कोणत्या खुणेचा काय अर्थ, ते त्या सांगणार होत्या. ते सांगू शकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आणि आठ दिवसांपूर्वी धोबिणीचं एक चित्रीकरण उघडलं, तर तिच्या हातांच्या जागी हिरवे चौकोन दिसले. ते चित्रीकरण तीन नंबरच्या डिस्कवर होतं.

वास्तविक सहाही डिस्क एकत्र करायचं काम दीड महिन्यापूर्वीच काढलं होतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या डिस्क बसवायच्या, तो भिंतीतल्या कपाटात कायम चालू ठेवायचा, म्हणजे कुठल्याही खोलीतून काहीही बघता येईल आणि एखादी डिस्क गेली तरी काही बिघडणार नाही, असा तो बेत. मुकादमाने डेपोतल्या वाहन तपासणीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर आराखडे काढले. सात काढले. एकही त्याला पटेना. डिस्क नऊ वर्षांत लागेल तशा घेतलेल्या. दोन टेराबाइटच्या दोन, एक तीनची, दोन चारच्या, एक सहाची. कंपन्याही चार.

"दीड महिना," बायको म्हणाली. "एवढ्यात तुमच्या डेपोतल्या किती बस सुटल्या असतील?"

"डेपोत कागदावर सही झाल्याशिवाय गाडीचं एक चाक हलत नाही."

"इथे सही कोण करणार आहे?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आला तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वय सेहेचाळीस, डोक्यावर केस नावाला, तरी घरात त्याला सगळे धाकट्याच म्हणत. त्याने बूट काढता काढता टेबलाकडे पाहिलं.

"दाजी, पंक्चर काढायला बसलात का?"

"तू आधी बस. आणि हे सांग, सहाच्या डिस्कबरोबर चारची लावायची कशी?"

"लावायची म्हणजे लावायची. प्लग आहे तिला."

"जोडी जमत नाही. चारची भरली की सहामधले दोन वाया."

"मग जोडी लावू नका. वरपक्षाचा हट्ट आहे का कुणाचा?" धाकट्याने खुर्ची ओढली. "पाच डिस्कवर आपला माल ठेवायचा. सहावीवर त्या पाचांचा मिळून नुसता ताळा. पाचांतली कुठलीही एक मेली, की बाकीच्या चार आणि ताळा यांच्यावरून ती परत उभी करता येते."

"कुठलीही?"

"कुठलीही. पण एका वेळी एकच. आणि ताळ्याची डिस्क सगळ्यांत मोठी पाहिजे, म्हणजे तुमची सहाची. बाकीच्या लहानमोठ्या, या कंपनीच्या, त्या कंपनीच्या, काही फरक पडत नाही. उलट बरंच आहे."

"बरं कसं? एका एक्सलला एका मापाचे, एका मेकचे टायर लागतात."

"यांना एक्सल नाही, दाजी."

"वजन तर आहे ना. जोडचाकात एक नवा आणि एक झिजून गोटा झालेला टायर घातला तर सगळं वजन नव्यावर येतं आणि तोच फुटतो. चौतीस वर्षं बघितलंय मी."

"बघितलं असेल. आता मला यांची तब्येत बघू दे."

धाकट्याने एकेक डिस्क जोडून तिच्या आतली नोंद वाचायला सुरुवात केली. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, आत किती जागा वाचता येत नाहीत, हे प्रत्येक डिस्क स्वतःच टिपून ठेवते. एक नंबर: एकतीस हजार दोनशे तास. दोन नंबर: एकतीस हजार चाळीस. तीन नंबर: एकतीस हजार दोनशे साठ, आणि वाचता न येणाऱ्या जागा दोनशे चौदा. चार नंबरला तो थांबला. पाच आणि सहा घाईने पाहिल्या. मग परत एकपासून पाहिलं. त्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला.

"ही एक नंबरची कधीची?"

"नऊ वर्षांपूर्वीची," बायको म्हणाली.

"आणि सहा?"

"पावणेचार वर्षं झाली असतील."

"मग दोघींचे तास सारखे कसे?"

मुकादम पहिल्यांदा खुर्चीवर बसला. "रोटेशन," तो म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं. "दर एक तारखेला बघायचो कोणती किती चालली. जी जास्त चालली तिला विश्रांती, जी कमी चालली तिला कामाला लावायची. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करतो तसं. नवी आणली की ती बाकीच्यांच्या बरोबरीला येईपर्यंत चालूच ठेवायची."

"काम नसताना?"

"नुसती फिरत ठेवायची. झीज सारखी झाली पाहिजे."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "सहा नंबर पावणेचार वर्षं रात्रंदिवस फिरतेय?"

"जवळजवळ."

"दाजी, टायर सारखे झिजले की तुम्ही काय करता?"

"सगळा सेट एकदम बदलतो."

"हं."

मुकादमाने टेबलावरच्या सहा आकड्यांकडे पाहिलं.

"मला कुणी सांगेल का?" बायको म्हणाली.

"ताई, ताळ्याचा सगळा खेळ कशावर, तर एका वेळी एकच जाईल यावर. वेगवेगळ्या वयाच्या असत्या तर एक आज गेली असती, दुसरी दोन वर्षांनी. दाजींनी सगळ्यांना एकाच वयाचं म्हातारं करून ठेवलंय. आणि ताळा पहिल्यांदा तयार करायचा म्हणजे सगळ्या डिस्क पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत वाचायच्या. दहा-बारा तास तरी. तो पुरा होईपर्यंत काहीच संरक्षण नाही."

"पण प्रत्येकाच्या दोन प्रती आहेत ना. सुरुवातीपासून आपण दोन ठेवतोय."

तिचा भाऊ तिच्या नवऱ्याकडे बघत होता. "दाजी, स्टेपनी कुठंय?"

मुकादम उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "जागा संपली होती. बाजूच्या कॅमेऱ्याचं आल्यापासून दुप्पट लागायला लागली. स्टेपनी नुसती पडून राहिली की तिचंही रबर कडक होतं, म्हणून डेपोत आम्ही ती रोटेशनमध्ये घ्यायचो."

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्या प्रती पुसल्या. दोन वर्षं झाली. नवीन चित्रीकरणं तिथे ठेवली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगायचं राहिलं."

तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली बोटं एकेक करून उचलली आणि एकेक करून परत ठेवली. मग भावाला म्हणाली, "दुकानात नवीन काय आहे?"

"आठ टेराबाइटची एक. एकच. दुसरी सोमवारी मिळेल, दुसऱ्या कंपनीची."

"त्याच कंपनीची नाही मिळणार?" मुकादमाने विचारलं.

"मिळाली तरी घेणार नाही," धाकट्या म्हणाला. "दाजी, आता तुम्ही जोडीचं नाव काढलंत तर मी ताईला घेऊन माहेरी जाईन."

"माहेर म्हणजे तुझंच घर. घेऊन जा, म्हणजे कळेल तुला," मुकादम म्हणाला. कुणी हसलं नाही.

दुपारी एक वाजता नवी डिस्क आली. धाकट्याने तीन नंबर पुन्हा जोडली. वाचता न येणाऱ्या जागा आता दोनशे चौदाच्या दोनशे एकाहत्तर झाल्या होत्या. त्याने आकडा मोठ्याने वाचला नाही, पण पडदा सगळ्यांना दिसत होता.

"बाकीच्या पाच अजून बोलत नाहीत, ही बोलायला लागलीय. आधी हिच्यावरचं काढू," तो म्हणाला. "एका वेळी एकच फाइल. इकडून तिकडे पळवली तर लवकर मरेल. हिच्यावर काय काय आहे?"

बायकोला पाठ होतं. घड्याळजीचं सगळं, जुळाऱ्याचं सगळं, धोबिणीचं सगळं, आणि शिंपीणबाईंचं सगळं. पुस्तकबांधणीवाला पाच नंबरवर होता, आणि बाकीच्या चारांवर तिच्या शाळेतल्या मुलांची चित्रीकरणं.

"क्रम सांग, ताई. पहिलं काय आणि शेवटी काय. शेवटचं मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

मुकादम मध्येच म्हणाला, "लहान फाइली आधी. म्हणजे जास्तीत जास्त संख्या निघेल."

"संख्या कशाला हवीय?" ती म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. तिथे चार फोल्डर होते आणि चारांवर चार माणसांचे धंदे लिहिले होते. "घड्याळजी, धोबीण, जुळारी. मग शिंपीणबाई."

"शिंपीणबाईंचं सगळ्यांत मोठं आहे," मुकादम म्हणाला. "नऊशे बारा खुणा आहेत त्यांच्या. एवढ्या कुणाच्याच नाहीत."

"माहितीये."

"मग त्यांचं आधी नको का?"

"त्या आहेत," ती म्हणाली. "बाकीचे नाहीत."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बटण दाबलं.

पहिला तास बरा गेला. नंतर तीन नंबर मध्ये मध्ये थांबायला लागली. थांबली की आतून टक, टक, टक असा आवाज येई, मग पुन्हा सुरू. मुकादमाने लहान पंखा आणून तिच्यावर धरला. स्टुलावर ठेवला असता तरी चाललं असतं, पण तो हातात धरूनच उभा राहिला. टक आवाज आला की त्याचा हात किंचित पुढे जाई. बायकोने दोनदा कपाट आवरलं. जे कपड्यांचे गठ्ठे तिने वरच्या खणात ठेवले तेच अर्ध्या तासाने खालच्या खणात आणले. धाकट्या दुकानात गेला आणि वीस मिनिटांत परत आला. गिऱ्हाईक होतं, पण लक्ष लागेना असं म्हणाला.

संध्याकाळी साडेसहाला घड्याळजी पूर्ण झाला. धोबिणीच्या फाइली हळू निघत होत्या. त्यांतल्या अकरा निघाल्याच नाहीत, त्या सोडून पुढे जावं लागलं. रविवारी सकाळी सातला जुळाऱ्याचं सुरू झालं आणि सव्वादहाला संपलं. शिंपीणबाईंच्या नऊशे बारांपैकी चार उतरल्या. पाचवीला डिस्कने सलग टकटक केली, ती थांबलीच नाही, आणि दहा चाळीसला पडद्यावरून तीन नंबर दिसेनाशी झाली.

धाकट्याने ती काढली, थंड होऊ दिली, परत लावली. तीनदा हे केलं. चौथ्यांदा त्याने वायर गुंडाळली.

"चार आल्या," तो म्हणाला.

मुकादमाच्या हातात पंखा अजून चालूच होता. बायकोने तो काढून घेतला आणि बंद केला. "पाच नंबर लावा," ती म्हणाली. "पुस्तकबांधणीवाला राहिलाय."

तो दुपारी चारपर्यंत निघाला, एकही फाइल न सोडता.

मग मुकादम बायकोपुढे येऊन उभा राहिला. "उद्या त्यांना सांगायची खूण दाखव मला. तुमचं, पुसलं गेलं."

त्याला पन्नास-साठ खुणा येत होत्या, चहा, बस, उशीर, बसा, पुढच्या आठवड्यात अशा.

"मी सांगते ना."

"नको. प्रती मी पुसल्यात."

तिने दाखवली. अंधार पडायच्या आत त्याने ती खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत चालत चाळीस वेळा केली असेल. दुसरा हात प्रत्येक वेळी उशिरा येत होता.

सोमवारी शिंपीणबाई दहाला पाच कमी असताना आल्या. अंगात स्वतः शिवलेलं राखाडी जाकीट, डोळ्यांवर जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आधी मुकादमाच्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिलं, ती उसवली होती, आणि मग खुर्चीवर बसल्या. मुकादम त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने हात वर केले आणि केली ती खूण. तुमचं, पुसलं गेलं.

शिंपीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली.

"किती?" शिंपीणबाईंनी विचारलं. त्यांचे हात वयाच्या मानाने झपाट्याने चालत.

आकडे त्याला येत होते. नऊशे आठ.

"बाकीचे?"

त्याने एकेकाची खूण केली. घड्याळजी आहे, धोबीण आहे, थोडी गेली, पुस्तकबांधणीवाला आहे, जुळारी पूर्ण आहे.

जुळाऱ्याच्या खुणेपाशी शिंपीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी लांबलचक काही सांगितलं आणि शेवटी हात मांडीवर आपटला.

"त्या म्हणताहेत," बायकोने भाषांतर केलं, "तो शाळेतही शेजारच्याचं बघून पास व्हायचा. त्याच्या अर्ध्या खुणा चुकीच्या आहेत. तो वाचला आणि मी गेले."

मुकादमाला हसावं की नाही कळेना. शिंपीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तो त्याला भाषांतराशिवाय कळला. माझंच शेवटी का?

"मी ठरवलं," मुकादमाने खूण केली.

बायको त्याच्या पुढे आली. "मी ठरवलं," तिने खूण केली. "यांनी तुमचं आधी काढायला सांगितलं होतं. तुम्ही आहात, म्हणून मी तुम्हाला शेवटी ठेवलं."

शिंपीणबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या, हात थांबल्यानंतरही. मग त्यांनी स्वतःचे हात उलटे-सुलटे करून पाहिले. उजव्या हाताची मधली दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मिटत होती. बायकोलाही ते दिसलं, आणि दोघींना ते दिसल्याचं मुकादमाला दिसलं.

त्यांनी चष्मा काढला, जाकिटाच्या कडेने पुसला, परत घातला. "दुपारी हात दुखतात," त्यांनी सांगितलं. "कॅमेरा आत्ता लाव."

बायकोने भिंतीला राखाडी पडदा लावला. मुकादमाने दोन कॅमेरे उभे केले, एक समोर, एक बाजूला. शिंपीणबाईंनी दिवा उजवीकडे सरकवायला लावला, मग डावीकडे, मग पहिल्या जागी. सकाळी सव्वादहाला पहिली खूण झाली: सुई. मग दोरा. मग शिवणयंत्राचं पायडल, मग पायडल मारणारी मुलगी, मग तिला ओरडणारी बाई. दहाव्या खुणेला त्यांनी पाणी मागितलं. एकतिसाव्या खुणेला बोटं मिटली नाहीत, म्हणून ती तीनदा करावी लागली. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं मिटवून दाखवली आणि कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं, असं असतं ते. साडेअकराला त्या थांबल्या. अडतीस झाल्या होत्या.

त्या पाणी पीत होत्या तेवढ्यात मुकादमाने कॅमेऱ्यांतली दोन्ही कार्डं काढली. एक प्रत नव्या डिस्कवर टाकली, दुसरी धाकट्याने तासाभरापूर्वी आणून दिलेल्या दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर. दोन्हीकडून उघडून पाहिली, एकेक खूण. कार्डं तरीही पुसली नाहीत, खिशात ठेवली.

"उद्या साडेनऊ," शिंपीणबाईंनी सांगितलं. मग थोडं थांबून बदललं. "नऊ."

त्या उठल्या. घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जिन्याला सत्तावीस पायऱ्या होत्या. मुकादमाने दार उघडलं आणि त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. मग तो त्यांच्यापुढे एक पायरी राहून उतरायला लागला, अर्धा मागे वळून, एक हात कठड्यावर आणि एक हात हवेत, त्यांच्या कोपराखाली, न टेकवता.